सायकल मोहिमेत एक दिवस घरकुलासाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या अंकात कन्याकुमारीपर्यंत सायकलवर जाऊन आलेल्या कॉलेजच्या मुलामुलींचा फोटो होता. उन्हाने रापलेले चेहरे, हँडलला बांधलेले झेंडे, टायरांना अजून चिकटलेली लाल माती. बघून फार बरं वाटलं. किती किलोमीटर कापले, किती दिवस लागले, कोणता संदेश दिला, सगळं बातमीत होतं. वाटेत ज्या गावांत ती मुलं राहिली, त्या गावांच्या वाट्याला मात्र एकच ओळ आली होती: ‘ठिकठिकाणी ग्रामस्थांनी स्वागत केले.’ त्या ओळीपाशी मी थांबले. ते गाव कसं होतं, तिथली घरं कशी होती, मुलांना काही दिसलं का, हे विचारावंसं वाटलं. म्हणून हे पत्र.

मीही एकदा असा एक देश सायकलवर ओलांडला आहे. देश माझा नव्हता. २०१३ साली मी अमेरिकेत स्थापत्य अभियांत्रिकीचं पुढचं शिक्षण संपवत होते. विद्यापीठातल्या नोटीस बोर्डावर ‘बाइक अँड बिल्ड’ नावाच्या संस्थेचा कागद होता. अठरा ते पंचवीस वयाच्या मुलांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत सायकल चालवायची, आणि वाटेत थांबून ज्यांना परवडणारं घर मिळत नाही अशा कुटुंबांची घरं बांधायला हात लावायचा. २००२ साली ही संस्था निघाली. मी पंचवीस वर्षांची होते, म्हणजे वयाच्या अगदी शेवटच्या पायरीवर. त्याच दिवशी अर्ज भरला.

घर हा शब्द दिसला की मला थांबावंच लागतं, त्याचं कारण सांगते. मी उमरगा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी पाच वर्षांची होते. आदल्या रात्री गणपती बोळवून सगळे दमून झोपले होते. आमचं घर त्या भागातल्या इतर घरांसारखंच, दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात एवढं गार घर दुसरं नाही. पण त्या भिंतीला आतलं एक तोंड आणि बाहेरचं एक तोंड असायचं, मध्ये नुसती खडी-माती भरलेली, आणि दोन्ही तोंडांना आरपार बांधणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नसायचाच. जमीन हलली की दोन्ही तोंडं फाकायची आणि वरची फूट-दोन फूट माती थेट माणसांच्या अंगावर यायची. आमच्या मागच्या खोलीत आजोबा झोपले होते. ते गेले. मला आठवते ती फक्त धूळ, आणि अण्णा मला काखेत धरून अंगणात उभे असलेले.

पुढे पुष्कळ गावं नव्या जागी वसवली. आमचं गाव जिथे होतं तिथेच राहिलं आणि घरं दुरुस्त करून मजबूत करायची योजना आली. त्या योजनेत गावोगावच्या बायांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं होतं. माझी आई त्यांतली एक. सातवी शिकलेली माझी आई घरोघर जाऊन सांगायची की चौकटीच्या वर चहूबाजूंनी सिमेंट-सळईचा पट्टा फिरवा, तो घराचा करदोडा आहे. मी तिच्या पदराला धरून हिंडायचे. मी इंजिनिअर झाले ती तिथे झाले. कॉलेजने त्यावर फक्त शिक्का मारला.

तर सायकल. मोहिमेला निघण्यापूर्वी प्रत्येकाने साडेचार हजार डॉलर जमवायचे, किमान पाचशे मैलांचा सराव करायचा आणि आपल्या गावातल्या एखाद्या घरबांधणीच्या कामावर काही तास राबायचं, अशा अटी होत्या. पैशांचं मला दडपण आलं. विद्यार्थी असलेली मी कुणाकडे मागणार? मग खलबत्ता काढला आणि आमच्याकडची शेंगाचटणी कुटायला घेतली. जे कुणी वीस डॉलर देतील त्यांना एक बरणी. प्राध्यापकांनी घेतल्या, शेजारच्या कोरियन मुलींनी घेतल्या, मराठी मंडळातल्या काकूंनी तर घरच्या घरी आणखी बरण्या करून दिल्या. इमारतीत झाडलोट करणारे एक आजोबा होते, त्यांनी पाच डॉलरची नोट हातात ठेवली आणि बरणी नको म्हणाले. ते स्वतः भाड्याच्या खोलीत राहत होते. मी ती नोट बरेच दिवस जमा केली नाही, तशीच वहीत ठेवली होती.

दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्‌स्टनला अटलांटिक समुद्रात मागचं चाक बुडवून आम्ही तीस जण निघालो. शेवट कॅलिफोर्नियात सांता क्रूझला, पॅसिफिकमध्ये पुढचं चाक बुडवून. मध्ये चार हजारांहून जास्त मैल आणि जवळजवळ अडीच महिने. रोज सरासरी सत्तर मैल, म्हणजे एकशे दहा-बारा किलोमीटर. सामान वाहायला एक गाडी. मुक्काम चर्चच्या सभागृहात किंवा शाळेच्या व्यायामशाळेत, फरशीवर वळकटी टाकून. पुढे गेलेल्यांनी प्रत्येक वळणावर डांबरावर खडूने बाण काढायचा, म्हणजे मागचे चुकणार नाहीत, आणि सगळ्यांत मागे रोज दोघांनी राहायचं, ज्यांनी कुणालाही एकटं मागे सोडायचं नाही. कॅन्ससमध्ये समोरून वारा असा की उतारावरही पेडल मारावं लागे. कोलोरॅडोत ११,३१२ फुटांवरची मोनार्क खिंड चढताना मी दर मैलाला थांबत होते. पण या गोष्टी सगळेच सायकलवाले सांगतात, त्यात मी शाई घालवत नाही.

मला सांगायचं आहे ते ज्या दिवशी सायकली भिंतीला टेकवून ठेवल्या जायच्या त्या दिवसांबद्दल. साधारण आठवड्यातून एकदा असा दिवस यायचा. त्याला सगळे ‘बिल्ड डे’ म्हणत.

बहुतेक ठिकाणी काम ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’च्या स्थानिक शाखेचं असायचं. ही संस्था जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस नावाच्या छोट्या गावात १९७६ साली मिलर्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने काढली. तिची मुळं तिथल्याच एका शेतावर आहेत, जिथे गोरे आणि काळे लोक एकत्र राहून शेती करत, आणि त्यापायी शेजाऱ्यांचा बहिष्कारही सोसत. त्या शेतावर ते शेत सुरू करणारे क्लॅरेन्स जॉर्डन आणि फुलर यांनी एक साधी रीत घातली. घर फुकट द्यायचं नाही. बांधायला लागला तेवढाच खर्च घ्यायचा, नफा नाही, व्याज नाही, आणि हप्ते आले की त्यातून पुढच्या कुटुंबाचं घर उभं करायचं. ज्याचं घर त्याने स्वतः ठरावीक तास कामावर आलं पाहिजे, आपल्याही आणि दुसऱ्याच्याही घराच्या. त्याला ते ‘घामाचा वाटा’ म्हणतात. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल, कारण एकमेकांच्या रानात सावडीने राबणं म्हणजे हेच.

आर्कान्सामधल्या ओझार्कच्या डोंगरांतून बाहेर पडून आम्ही मिसुरी राज्यातल्या जॉप्लिन गावी पोचलो. दोन वर्षांपूर्वी, २२ मे २०११ ला, तिथे चक्रीवादळाचा एक सोंडेसारखा खांब गावाच्या मधून फिरून गेला होता. दीडशेहून जास्त माणसं गेली, हजारो घरं मोडली. आम्ही गेलो तेव्हाही काही रस्त्यांवर नुसते ओटे उरले होते. घर नाही, झाड नाही, फक्त चढायच्या तीन पायऱ्या आणि वर मोकळं आकाश. किल्लारीच्या भूकंपानंतर असे ओटे मी खूप पाहिले होते. सायकलवरून उतरले आणि पाय लटपटायला लागले. बाकीच्यांना वाटलं, उन्हाने झालं.

त्या दिवशी आम्ही एका घराच्या भिंतींचे सांगाडे उभे करत होतो. तिथली घरं लाकडी. जमिनीवर चौकट आडवी मांडायची, दर सोळा इंचांवर एक उभा दांडा खिळ्यांनी ठोकायचा, मग आठ-दहा जणांनी ती अख्खी भिंत उचलून जागेवर लावायची. माझ्या हाताखालचा एक दांडा पाऊण इंच सरकलेला निघाला. कामावर देखरेख करणारे सत्तरीचे निवृत्त सुतार होते. त्यांनी हातोड्याची मागची बाजू माझ्या हातात दिली आणि माझ्याकडूनच सगळे खिळे उपटून घेतले. ‘पाऊण इंचाने काय होतं’ असं मी बोलले नाही. पाऊण इंचाने काय होतं ते मला ठाऊक होतं.

दुपारी त्यांनी मला छताजवळ पाठवलं. छताचा प्रत्येक वासा जिथे भिंतीवर टेकतो तिथे पत्र्याची एक वाकवलेली पट्टी ठोकायची होती, म्हणजे वारा छत वर उचलायला लागला तर छताने भिंतीला धरून राहावं. मी ती पट्टी हातात घेतली. चार बोटं रुंद, भोकं पाडलेली, टीचभर लांबीची. भूकंप घराला बाजूने ढकलतो, वादळ वर ओढतं. दोन्हीवर उपाय एकच, घराचे भाग एकमेकांना बांधून ठेवायचे. आईचा करदोडा आणि ही पट्टी सख्ख्या बहिणी. मी त्या दिवशी अशा बावीस पट्ट्या ठोकल्या, आणि एकेका पट्टीचे सगळे खिळे बोटाने मोजले.

ज्यांचं ते घर होणार होतं त्या बाई माझ्या खालीच शिडी धरून उभ्या होत्या. एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात कामाला, दोन मुलं, भाड्याचं घर वादळात गेलेलं. घामाच्या वाट्याचे त्यांचे तास चालू होते, रात्रपाळी करून आल्या होत्या. जेवायच्या सुट्टीत त्यांनी विचारलं, तू कुठली? मी भारत सांगितलं, मग किल्लारीचं सांगितलं. लोक अशा वेळी विचारतात किती मेले, किती रिश्टरचा होता. त्यांनी विचारलं, “किती वाजता?” मी म्हटलं, पहाटे चारच्या आत. त्या म्हणाल्या, आमच्याकडे रविवारी संध्याकाळी, पावणेसहाला. मग आम्ही दोघी काही बोललो नाही. त्यांनी आपल्या डब्यातली मक्याची भाकरी मोडून निम्मी माझ्या हातावर ठेवली. जेवण झाल्यावर त्यांनी मला आत नेलं आणि नुसत्या दांड्यांच्या मधून, जिथे भिंत अजून नव्हती तिथून, पावलं टाकत टाकत मुलीची खोली दाखवली. सात पावलं बाय आठ पावलं. खिडकी कुठे येणार, तिथे उभं राहून त्यांनी बाहेर बघितलं.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा नुसते पैसे पाठवले असते तर? हा प्रश्न मी स्वतःला मोहीमभर विचारला आहे. खरं सांगायचं तर, तीस नवख्या मुलांनी एका दिवसात ठोकलेल्या खिळ्यांपेक्षा आम्ही जमवलेल्या पैशांनी जास्त काम झालं. त्यातले काही पैसे कोणत्या संस्थांना द्यायचे हे आम्हीच अर्ज वाचून, वाद घालून ठरवलं, आणि घर या गोष्टीवर मी तेव्हा जेवढं शिकले तेवढं वर्गात शिकले नव्हते. पण सायकल नसती तर ते पैसे जमलेच नसते. आणि सात बाय आठ पावलांची ती खोली मला कुणी कागदावर दाखवू शकलं नसतं. आमच्या तीस जणांतले पाच-सहा जण आज घरबांधणीच्याच कामात आहेत. मी त्यांतली एक. दोन वर्षांनी परत आले, आता लातूरला राहते, घरांचे आराखडे करते.

हे सगळं परदेशी खूळ आहे असं कुणी समजू नये. सायकल आणि श्रम यांची जोड आपल्याकडे आधीपासून आहे. १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ अभियान काढलं. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर, आणि मणक्याच्या दुखण्यामुळे बसता न येणारे एकाहत्तर वर्षांचे बाबा गाडीत आडवे पडून त्यांच्याबरोबर, पार काश्मीरपर्यंत. याच बाबांच्या, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत पन्नासहून अधिक वर्षं मुलं उन्हाळ्यात घमेली उचलताहेत. मला वाटतं, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यातून निघाल्या, त्या आपण पुढे वेगवेगळ्या करून टाकल्या. सायकल उरली संदेश द्यायला आणि श्रमदान उरलं छावणीत.

हॅबिटॅटची रीतसुद्धा महाराष्ट्राने जवळून पाहिली आहे. २००६ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर आणि रोझलिन कार्टर लोणावळ्याजवळ येऊन, जगभरातून आलेल्या स्वयंसेवकांबरोबर शंभर घरांच्या कामावर राबले. कार्टर तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. (त्यांच्या आई लिलियन यांनी साठच्या दशकात, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, मुंबईला विक्रोळीत येऊन परिचारिका म्हणून सेवा केली होती, हेही इथे आठवतं.)

आणि आज कामाची वानवा आहे का? प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला केंद्र आणि राज्य मिळून देतात ते मूळ अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार रुपये आहे. राज्य त्यात आणखी भर घालतं, रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी धरलेली आहे, शौचालयाचे १२ हजार वेगळे. किमान पंचवीस चौरस मीटरचं घर. पैसे हप्त्याने, काम पुढे सरकेल तसे. आणि बांधायचं लाभार्थ्याने स्वतः, ठेकेदार लावायचा नाही. हा नियम चांगला आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण ज्या घरात राबणारे दोन हात आहेत तिथेच तो चालतो. म्हातारी विधवा, अपंग माणूस, पोरं पुण्याला कामाला गेलेली जोडपी, यांच्याकडे बिगाऱ्याला द्यायला रोजचे पैसे नसतात. जोत्यापर्यंतचा हप्ता संपतो, काम लेंटलला, म्हणजे दारा-खिडक्यांच्या वरच्या पट्ट्याला, येऊन थांबतं, आणि काम थांबलं म्हणून पुढचा हप्ताही थांबतो. असं घर पावसाळाभर उघडं पडून राहतं आणि सळया गंजतात. आमच्या भागात कोणत्याही रस्त्याने दहा किलोमीटर जा, आकाशाकडे बघणाऱ्या लाल सळयांचं एक तरी घरकुल दिसेल.

त्याहून वाईट गोष्ट दिसत नाही. नव्या बांधकामाला सात-आठ दिवस तरी सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं, नाहीतर सिमेंट नीट पक्कं होत नाही. दोनशे मीटरवरून हंडा आणणारी पासष्टीची बाई किती पाणी मारणार? ती सकाळी दोन हंडे ओतते आणि देवाला हात जोडते. वर्षभराने भिंतीला नख लावलं की वाळू सुटते. मी स्वतः नख लावून पाहिलं आहे. किल्लारीच्या पट्ट्यात अशी भिंत उभी राहते हे मला सहन होत नाही.

म्हणून माझी सायकल मंडळांना, कॉलेजांना आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना विनंती आहे. मोहिमेचा मार्ग ठरवताना दर पाच-सहा दिवसांनी एक दिवस सायकली ठेवायला मोकळा ठेवा. ग्रामपंचायतीला आधी पत्र टाका आणि ग्रामसेवकांना विचारा की हातांअभावी अडलेलं घरकुल कोणतं आहे. वीस मुलं एका दिवसात पायाचा खड्डा खणू शकतात, विटा जागेवर आणून रचू शकतात, जोत्यात मुरूम भरून चोपू शकतात, टाकी भरून ठेवू शकतात, बारदानं भिजवून भिंतीला गुंडाळू शकतात. ही सगळी कामं बिगाऱ्याची आहेत आणि याच कामांच्या मजुरीला त्या घरांत पैसे नसतात.

भिंत मात्र गवंड्यानेच बांधायची. हे मी बजावून सांगते, कारण उत्साहाच्या भरात मुलं थापी हातात घेतात, फोटो निघतो, आणि ओळंब्याबाहेर गेलेल्या भिंतीत पुढे माणसं झोपतात. गवंड्याचा त्या दिवसाचा रोज मोहिमेने द्यावा. निघण्यापूर्वी प्रत्येकाने थोडे पैसे जमवले तर एका घराची सळई आणि सिमेंट सहज निघेल, आणि शेंगाचटणी अजूनही विकली जाते. घरच्या माणसांना विचारल्याशिवाय फोटो काढू नये. जेवणाचं ओझं त्या घरावर टाकू नये. ती माउली पिठलं-भाकरी करणारच, पण शिधा आपण न्यावा.

आमच्या लातूरच्या सायकल गटातले अकरा जण नाताळच्या सुट्टीत तुळजापूरमार्गे पंढरपूरला निघणार आहेत. त्यांच्याशी बोलले, ते वाटेत दोन दिवस थांबायला तयार झाले आहेत. उमरगा तालुक्यात एका आजींचं घरकुल मार्चपासून लेंटलला अडलं आहे. मी जाऊन मोजमापं घेतली, पट्ट्याची सळई नीट बांधलेली आहे, फक्त काँक्रीट बाकी आहे. मोहीम निघण्याच्या दोन दिवस आधी पट्टा भरायचा असं गवंड्याशी ठरलं आहे. अकरा जणांच्या पहिल्या दिवशी विटा वर चढवायच्या आणि पाणी मारायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी. पुढचे पाच दिवस पाणी मारायला गावातल्या शाळेची नववीची मुलं येतील, तसं गुरुजींनी कबूल केलं आहे. सायकली ठेवायला शाळेचा व्हरांडा आहे, विहिरीला पाणी आहे, मोटर मात्र नाही. आपल्या वाचकांपैकी कुणाकडे दोन दिवसांसाठी पाण्याची मोटर आणि शंभर फूट पाइप असेल तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं, मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि परत आणून देईन.

आपली,
एक स्थापत्य अभियंता, लातूर
(नाव व पत्ता कार्यालयाकडे दिला आहे.)